घरातली रायफल : राखावी, सुधारावी की विकावी?

वकिलाच्या कचेरीत येणारे वारसाहक्काचे प्रश्न बहुतेक जमिनीचे, वाड्याचे किंवा दागिन्यांचे असतात. २०२० सालच्या नवरात्रात माझ्याकडे जो प्रश्न आला, तो मात्र एका शिकारी रायफलीचा होता. ग्वाल्हेरातील एका जुन्या मराठी सरदार घराण्याचे थोरले चिरंजीव, वय साठीच्या घरातले, शस्त्रपरवान्याची वही घेऊन आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, घरात तीन बंदुका आहेत आणि नवा कायदा म्हणतो की दोनच ठेवा. आजोबांची रायफल द्यावी लागेल असे दिसते. धाकटा म्हणतो, ती सुधारून घ्या. मी म्हणतो, विकून टाकू. आणि आईसाहेब म्हणतात, खंडेनवमीला ती पाटावर नसेल तर पूजाच मांडू नका. आता आपणच काय ते सांगावे."

तीन बंदुकांपैकी एक दुनळी होती, दुसरी सरकारी कारखान्यात बनलेली तीनशे पंधरा बोरची रायफल. तिसरी, म्हणजे वादाचा विषय झालेली, विंचेस्टर कंपनीची १९०७ च्या नमुन्याची स्वयंभारी रायफल होती. स्वयंभारी म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. अशा रायफलीचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते; पण त्याच बाराच्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे आपोआप आत बसते. पुढच्या बारासाठी शिकाऱ्याला फक्त चाप पुन्हा ओढावा लागतो. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतात ती यंत्रबंदूक निराळी. म्हणूनच या जातीला अर्धस्वयंचलित म्हणतात.

तिघांचीही मते ऐकल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. रायफलीवर प्रेम प्रत्येकाचे होते, परंतु तिची हकीगत कोणासच ठाऊक नव्हती. ती कशासाठी जन्मली, आपल्याकडे कशी आली आणि येथे तिचे काय झाले, हे समजल्याशिवाय राखणे, सुधारणे आणि विकणे या तीन शब्दांना काही अर्थच उरत नाही. म्हणून मी कायद्याची पुस्तके उघडण्यापूर्वी इतिहासाची उघडली. त्यातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

बाराच्या धक्क्यावर बंदूक आपणच भरावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. ऑस्ट्रियातील फर्डिनंड मॅन्लिखर याने १८८५ मध्येच अशी रायफल रचून पाहिली. पण काळ्या दारूची काजळी एवढी साचे की नाजूक यंत्रणा थोड्याच बारांत अडकून पडे. १८८४ च्या सुमारास फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू तयार केली आणि ती अडचण दूर झाली. पुढचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील जॉन ब्राउनिंग याच्याकडे जाते. त्याने रचलेली स्वयंभारी रायफल १९०६ मध्ये रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणली.

वस्तुतः ब्राउनिंगची घडण अनेक वर्षे विंचेस्टर कंपनीकडे जात असे. तथापि १९०२ मध्ये त्याच्या स्वयंभारी छऱ्याच्या बंदुकीच्या मोबदल्यावरून दोघांत बिनसले. ब्राउनिंगला प्रत्येक विक्रीमागे हिस्सा हवा होता आणि कंपनीला हक्क एकरकमी विकत घ्यावयाचा होता. तो निघून गेल्यावर विंचेस्टरने आपल्या पदरचा अभियंता थॉमस क्रॉसली जॉन्सन याच्यावर भिस्त ठेवली. १९०३, १९०५, १९०७ आणि १९१० असे चार नमुने त्याच्या हातून निघाले. आमच्या अशिलाच्या घरची रायफल त्यांपैकी तिसरी.

ब्राउनिंगच्या रायफलीत काडतुसामागचा अडसर बाराच्या क्षणी कुलपासारखा पक्का बसतो आणि दाब उतरल्यावर सुटतो. जॉन्सनच्या रायफलीत असे कुलूपच नाही. तेथे अडसराला जोडलेले एक जड वजन नळीखालच्या लाकडात दडवलेले असते; ते मागे ढकलले जाण्यास जो अवधी लागतो, तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते. सारांश, वजन हेच तिचे कुलूप. म्हणून ती दिसते त्याहून जड लागते. पहिले काडतूस चढवण्यासाठी लाकडाच्या पुढच्या टोकाशी असलेला दांडा तळहाताने आत दाबावा लागतो. चिरंजीवांनी तो दाबून दाखवला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दहा वर्षांच्या मुलाचे कौतुक उमटले. आजोबांनी त्यांना तो तसाच दाबून दाखवला असणार.

ही रचना साधी आणि बळकट होती, पण तिच्यातच मर्यादा होती. जड अडसर प्रत्येक बाराला मागे येऊन आपटतो. तो आघात झेलण्यासाठी बसवलेली गादी कालांतराने कुजते किंवा चिरडते, आणि मग पोलादावर पोलाद आपटू लागते. शिवाय वजन हेच कुलूप असल्यामुळे तिच्यात अधिक जोरकस काडतूस बसवता येत नाही. तसे करणे म्हणजे शिकाऱ्याच्या तोंडासमोर अपघात मांडून ठेवणे. तिचे तीनशे एकावन्न बोरचे काडतूस अमेरिकेच्या दाट रानात थोड्या अंतरावरच्या हरणाला पुरेसे होते. आपल्याकडच्या वाघाला किंवा गव्याला ते केव्हाही अपुरेच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस या नमुन्याचे उत्पादन थांबले, आणि पुढे त्याची काडतुसेही कारखान्यांतून नियमाने निघेनाशी झाली.

आता धाकट्या चिरंजीवांचे मत पाहू. ते अनेक वर्षे अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात राहतात. दूरध्वनीवरून त्यांनी मला सांगितले, "येथे जुनी रायफल कोणी टाकून देत नाही. नवा दस्ता, वर दुर्बीण, आतल्या झिजलेल्या भागांची अदलाबदल, की पुन्हा वापरात." त्यांचे म्हणणे त्या देशापुरते खरे आहे. तेथे शिकारीचा हंगाम असतो, सुट्या भागांचा बाजार असतो, आणि रायफल सुधारावी की विकून दुसरी घ्यावी हा प्रश्न घराघरांत निघतो. विंचेस्टरच्या मागून रेमिंग्टनने १९६० मध्ये ७४२ क्रमांकाची स्वयंभारी रायफल काढली. ती १९८० पर्यंत बनत होती आणि हरणाच्या शिकाऱ्यांत फार खपली. पुष्कळ वापरानंतर तिच्यात ज्या खोबणीवरून अडसर सरकतो ती खोबणीच झिजते, आणि तो भाग रायफलीच्या मूळ शरीराचा असल्यामुळे दुरुस्ती परवडत नाही. अशा वेळी जाणता कारागीर स्वतःच सांगतो की हिच्यावर पैसा घालू नका. म्हणजे जेथे बाजार आहे, हंगाम आहे आणि हक्क आहे, तेथेही सुधारणेला शेवट असतोच.

परंतु गंमत अशी की, ज्या पेन्सिल्व्हेनियातून हा सल्ला आला, त्याच राज्याने १९०७ पासून स्वयंभारी बंदुकीने शिकार करण्यास मनाई केली होती. ज्या वर्षी ही रायफल निघाली, त्याच वर्षीचा तो कायदा. शिकारी तबकड्यांची कत्तल करीत नव्हते, जनावरांची करीत होते. आणि हातातले यंत्र जितके वेगवान तितके रान लवकर ओस पडणार, ही भीती तेथे तेव्हाच जागी झाली होती. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे यांनी १९१३ मध्ये नष्ट होत चाललेल्या वन्यजीवांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात स्वयंभारी बंदुकांवर कडक टीका आहे. हे हॉर्नडे तरुणपणी, १८७० च्या दशकात, प्राण्यांचे नमुने गोळा करण्यासाठी हिंदुस्थानात येऊन स्वतः शिकार करून गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या पालटाचे मोल कळते. पेन्सिल्व्हेनियातील मनाई सैल करण्याचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि २०१७ पासून लहान प्राण्यांपुरती मुभा मिळाली. हरणासारख्या मोठ्या प्राण्यासाठी ती तेव्हाही मिळाली नाही. मी हे सांगताच धाकटे चिरंजीव हसले आणि म्हणाले, "म्हणजे येथे मी ती घेऊन रानात जाऊच शकलो नसतो!"

आता ही रायफल आपल्याकडची कशी झाली, ते पाहू. १८७८ च्या शस्त्रकायद्याने लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदी प्रजेच्या हातून शस्त्र काढून परवान्याच्या कागदात बांधले. युरोपियनांना आणि संस्थानिकांना त्यातून सूट होती. या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासूनच आवाज उठवला होता. संस्थानांच्या हद्दीत मात्र चित्र निराळे होते. तेथे दरबारची मर्जी हाच परवाना. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, कोल्हापूर या आपल्या मराठी संस्थानांत शिकार ही केवळ करमणूक नव्हती. ती दरबारी शिष्टाचाराचा भाग होती. हाकारे, मचाणे, हत्ती यांचा सरंजाम सदैव सज्ज असे. शिवपुरीच्या रानात १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या मुक्कामासाठी माधवराव शिंद्यांनी बांधवलेला जॉर्ज कॅसल आजही उभा आहे. पाहुणा जितका मोठा तितका वाघ मोठा, असा तो काळ.

अशा काळात एखाद्या सरदाराने अमेरिकेत बनलेली नवी स्वयंभारी रायफल घ्यावी, हे समजण्यासारखे आहे. आईसाहेबांच्या आठवणीप्रमाणे सासऱ्यांनी तिने सांबर आणि रानडुकरे मारली. वाघावर मात्र तिचा बार कधी काढला नाही. ते जाणते शिकारी असले पाहिजेत. वाघासाठी त्यांच्याजवळ दुसरी, भारी रायफल होती. ती पुढे विकली गेली. ही उरली, कारण ही लाडकी होती.

यानंतर काळ फार वेगाने पालटला. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर आणि इंदूर मध्यभारतात विलीन झाली. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात गेले. दरबारची मर्जी संपली आणि सरदारही इतरांसारखेच जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत परवान्याच्या रांगेत उभे राहिले. १९५९ चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या नियमांत स्वयंभारी बंदुकांना पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक देखरेखीच्या वर्गात घातले. आजोबांची रायफल त्या दिवसापासून नुसती बंदूक राहिली नाही. कायद्याच्या दृष्टीने ती एक अपवाद झाली, जुन्या परवान्याच्या आधारावर पुढे चालत आलेला.

दुसरीकडे तिचे कामही संपत चालले होते. भारतातले अखेरचे तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाच्या गोळीला बळी पडले असे मानतात. १९५२ मध्ये चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात प्रारंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाना मिळण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. ज्या शिवपुरीच्या रानात हाके होत असत, ते आता माधव राष्ट्रीय उद्यान आहे. तेथले वाघ संपले होते. २०२३ मध्ये बाहेरून आणून ते पुन्हा सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये ते रान व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. त्याच्या शेजारच्या कुनोच्या रानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी आफ्रिकेतून आणलेले चित्ते सोडले गेले. पूर्वी ज्या रानातून जनावरे कमी केली, त्याच रानात आता ती विमानाने आणून सोडावी लागतात. यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

इतका इतिहास सांगून झाल्यावर मी तिन्ही मार्ग कायद्याच्या तराजूत घालून दाखवले.

पहिला मार्ग सुधारण्याचा. बंदुकीत फेरबदल किंवा दुरुस्ती करण्याचा धंदा विनापरवाना करता येत नाही. म्हणजे ओळखीच्या लोहाराकडून काही करून घेणे हा गुन्हाच. परवानाधारक कारागीर मिळाला तरी सुटे भाग कोठून येणार? १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदुका आयात करण्याची वाट जवळजवळ बंद आहे. आपल्या सरकारी कारखान्यांत तीनशे पंधरा बोरची काडतुसे होतात, तीनशे एकावन्नची होत नाहीत. दुसऱ्या काडतुसासाठी नळी बदलावी, तर वर सांगितल्याप्रमाणे यंत्रणाच ते सोसणार नाही. उरला नवा दस्ता आणि दुर्बीण. परंतु दुर्बिणीसाठी जुन्या पोलादाला भोके पाडली की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत उतरते. आणि दुर्बिणीतून पाहायचे तरी काय? ज्या जनावरावर गोळी झाडता येत नाही, ते साध्या दुर्बिणीतूनही तितकेच सुंदर दिसते.

दुसरा मार्ग विक्रीचा. कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे स्वतःच्या वापराची बंदूक खाजगी रीतीने विकता येते. मात्र घेणाऱ्याजवळ तशा बंदुकीचा वैध परवाना पाहिजे, विकण्याचा मनोदय जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवला पाहिजे, आणि त्यानंतर ४५ दिवस गेले पाहिजेत. पहिल्या वर्गातील बंदुकीचा परवाना असलेला, तरीही दोनची मर्यादा न ओलांडणारा, आणि जिची काडतुसे मिळत नाहीत अशी रायफल घेऊ इच्छिणारा गिऱ्हाईक शोधावयाचा होता. थोरल्या चिरंजीवांनी शहरातील दुकाने धुंडाळली. एका दुकानदाराने चहा पाजला, रायफल डोळे भरून पाहिली आणि हात जोडले.

तिसरा मार्ग राखण्याचा. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन बंदुकांची मर्यादा घातली होती. १४ डिसेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच बंदूक ठेवण्याची तरतूद होती. विरोध झाल्यावर दोन झाल्या. जादा बंदूक एका वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावयाची, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत तिचा परवाना संपणार. वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकीलाही दोनचीच मर्यादा, हे कायद्याने स्पष्ट लिहिले आहे. दुसऱ्या वारसाच्या नावे परवाना मागता आला असता. पण धाकटे परदेशी, आणि चुलत घराण्यांत कोणाला ही जबाबदारी नको होती. शिवाय घराण्याची शेती शिवपुरीकडची. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे वेगळी नोंद करावी लागते, आणि राष्ट्रीय उद्यानालाही तो नियम लागू आहे.

एक चौथी वाटही मी सांगितली. दुरुस्त करूनही पुन्हा बार काढता येणार नाही असे जुन्या घडणीचे शस्त्र शस्त्रकायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणे त्याच्या कक्षेबाहेर राहते. रायफल रीतसर कायमची निकामी करून घेण्याची परवानगी मागावी आणि ती घरातच ठेवावी, असे मी सुचवले. आईसाहेब आतापर्यंत गप्प बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "जिवंत वस्तूचा जीव घ्यायचा आणि मग तिला हळदकुंकू वाहायचे? ते आमच्याने होणार नाही."

येथे माझ्यातला वकील थांबला आणि पुराण ऐकणारा पुढे झाला. मी म्हणालो, "आईसाहेब, पांडवांनीही अज्ञातवासात आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवलीच होती. कोणी जवळ येऊ नये म्हणून तेथे प्रेत बांधले होते. शस्त्र जमा करणे यात कमीपणा नाही. आपणही तसेच समजावे." मला वाटले, युक्तिवाद बिनतोड झाला.

आईसाहेबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले. "वकीलसाहेब, शमीवरची शस्त्रे वर्ष सरल्यावर खाली काढली. ही परत येणार आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग शमीचे नाव कशाला घेता? हे गांडीवाचे झाले."

माझ्या वकिलीच्या आयुष्यात इतके नेमके उत्तर मी न्यायासनासमोरही थोडेच ऐकले आहे. महाभारताच्या अखेरीस पांडव महाप्रस्थानाला निघतात. सर्वस्व सोडलेले असते; परंतु अर्जुनाच्या खांद्यावर गांडीव अजून असते. त्याआधीच, द्वारकेहून येताना लुटारूंपुढे ते धनुष्य त्याला नीट पेललेही नव्हते. तरी मोह सुटत नाही. तेव्हा अग्नी वाटेत उभा राहतो आणि सांगतो की हे धनुष्य वरुणाकडून आणलेले आहे, त्याचे काम झाले आहे, आता ते त्याला परत दे. मग अर्जुन ते अक्षय भात्यांसह पाण्यात टाकतो. व्यासांनी येथे अर्जुनाला दूषण दिलेले नाही आणि गांडिवालाही नाही. काम संपले एवढेच सांगितले आहे.

शमी आणि गांडीव यांतला हा फरक प्रत्येक घराने आपल्या शस्त्राला लावून पाहावा. ज्या शस्त्राचे काम उद्या पुन्हा निघणार आहे, ते शमीवर ठेवावे, तेल घालून, कागद नीट करून. गोव्यात आणि बेळगावच्या सीमेवरील रानालगतच्या गावांत आजही रानडुकरे पीक लोळवतात. शस्त्रकायद्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय केलेली आहे, ती अशाच शेतकऱ्यासाठी. मात्र त्यानेही विसरू नये की परवाना बंदुकीचा मिळतो, जनावराचा मिळत नाही. गव्यावर किंवा डुकरावर बार काढण्यास वन्यजीव कायद्याखालील वेगळी अनुमती लागते. त्याची जुनी ठासणीची बंदूक आमच्या सरदारांच्या रायफलीपुढे गरीब दिसेल. पण तिला काम आहे, म्हणून ती सुधारण्यात अर्थ आहे. जिचे काम काळाने काढून घेतले, तिच्यावर दुर्बीण चढवणे म्हणजे अर्जुनाने महाप्रस्थानाच्या वाटेवर गांडिवाला नवी प्रत्यंचा बांधून घेण्यासारखे आहे.

त्या वर्षीची खंडेनवमी नेहमीसारखी झाली. तिन्ही बंदुका पाटावर होत्या. थोरल्या चिरंजीवांनी रायफल स्वतः पुसली, नळीखालचा दांडा एकदा दाबून पाहिला आणि ती आईसाहेबांपुढे ठेवली. झेंडू वाहिले गेले. नोव्हेंबरात ती परवानाधारक दुकानदाराकडे जमा झाली आणि पावती माझ्या कचेरीतल्या फायलीत आली. धाकट्या चिरंजीवांनी तिची छायाचित्रे मागवून घेतली. तिचा अनुक्रमांक, खरेदीची आठवण आणि आजोबांच्या शिकारीच्या हकीगती त्यांनी एका वहीत लिहून काढल्या. माझ्या मते, घरच्या ठेव्याची ती खरी सुधारणा झाली.

पुढच्या वर्षी त्यांनी मला पूजेला मुद्दाम बोलावले. पाटावर दोनच बंदुका होत्या. तिसरीची जागा रिकामी दिसू नये म्हणून आईसाहेबांनी त्या जरा जवळ सरकवल्या, आणि उदबत्ती लावली.

ज्या वाचकांच्या घरी असे एखादे शस्त्र भिंतीवर किंवा कपाटात असेल, त्यांनी दसऱ्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: काम, काडतूस आणि कागद. कागद नसेल तर एक दिवसही थांबू नये. जवळचे ठाणे आणि जाणता वकील गाठावा. काडतूस मिळत नसेल तर सुधारणेचा विचार सोडावा. आणि काम संपले असेल, तर आजोबांची आठवण लिहून ठेवून ते शस्त्र सन्मानाने परत करावे. पूर्वज शस्त्रात राहत नाहीत. ते ज्या शहाणपणाने आपण त्याचा निर्णय करतो, त्यात राहतात.